डेक आणि खुर्च्या एकाच डब्यातून रंगवू नका

महोदय,

दिवाळी जवळ आली की गृहसजावटीच्या पुरवण्यांत गच्चीवरच्या आणि फार्महाउसच्या लाकडी डेकवर हमखास मजकूर येतो. छायाचित्रे देखणी असतात, पण रंगाबद्दलचा सल्ला बहुधा एका ओळीत उरकलेला असतो : 'डेकला जो स्टेन दिलात तोच बाहेरच्या फर्निचरला द्या, म्हणजे सगळे एकसंध दिसेल.' लाकूडकाम आणि पॉलिश हाच व्यवसाय असलेल्या आम्हा दोघांचे या ओळीशी भांडण आहे. हा सल्ला ऐकून खर्च केलेल्यांची निराशा दोनदा होते. रंग जुळत नाही म्हणून एकदा, आणि चुकून जुळलाच तर तो बरा दिसत नाही म्हणून दुसऱ्यांदा.

आधी रंग का जुळत नाही ते पाहू. स्टेन हा लाकडाला झाकणारा रंग नसतो, तो लाकडात मुरतो. त्यामुळे खाली कोणते लाकूड आहे यावर निम्मा निकाल ठरतो. बाजारात डेकसाठी आज साग, आयात पाइन, उष्णता देऊन मुरवलेला ॲश आणि क्वचित आयपे हे दक्षिण अमेरिकेतले कठीण लाकूड मिळते. पाइन मूळचे फिकट पिवळे असते. त्यावर कीड-बुरशीविरोधी प्रक्रिया झालेली असेल तर तांब्याच्या क्षारांमुळे त्याला हिरवट झाक येते. उष्णता दिलेला ॲश आतपर्यंत तपकिरी असतो. खुर्च्या सागाच्या आणि डेक पाइनचा असेल, तर एकाच डब्यातला 'वॉलनट' एकीकडे गडद सोनेरी तपकिरी दिसतो आणि दुसरीकडे मातकट.

लाकूड एकच असले तरी घासण्यात फरक पडतो. डेकची फळी ८० नंबरच्या काचपेपरवर थांबवतात, कारण जास्त गुळगुळीत केली तर स्टेन आत शिरत नाही आणि पाय घसरतो तो वेगळाच. खुर्चीचा हात मात्र १५० पर्यंत न्यावाच लागतो, नाहीतर कुसळे लागतात. जितके बारीक घासावे तितका स्टेन कमी शोषला जातो आणि रंग फिका येतो. फळीच्या कापलेल्या टोकांना याच्या उलट होते. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असल्याने स्टेन आत ओढला जातो आणि टोक काळेकुट्ट दिसते. म्हणून खुर्चीच्या पायांची आणि हातांची टोके १८० किंवा २२० नंबरने घासून घ्यावी लागतात, तेव्हा कुठे ती बाकीच्या लाकडाच्या जवळ येतात. शिवाय डेक आडवा पडलेला, खुर्चीची पाठ उभी. ऊन आणि पाऊस आडव्या पृष्ठभागावर कितीतरी जास्त काम करतात. पहिल्या दिवशी जुळलेले दोन रंग एकाच गतीने फिके होत नाहीत, आणि पुढच्या वर्षी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

एक कारण रंगाच्या पलीकडचे आहे आणि ते कुणी सांगत नाही. डेकचा तेलातला स्टेन पायाखाली येण्यासाठी बनवलेला असतो, अंगाला घासण्यासाठी नाही. त्यातली रंगद्रव्ये लाकडाच्या वरच्या थरात सैलसर अडकलेली असतात. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या बाकावर पांढरी सलवार किंवा लेंगा घालून कुणी तासभर बसले की बसकणीवर तपकिरी पट्टे उमटतात. बसायच्या पृष्ठभागाला बाहेरच्या वापराचा, अतिनील किरणांना टिकणारा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा व्हार्निशचा बंद थर हवा. तो दिला की चमक बदलते आणि चमक बदलली की रंगही वेगळा दिसतो. म्हणजे एकच डबा वापरायचा हट्ट इथेच संपतो.

आता समजा, सगळे सांभाळून रंग तंतोतंत जुळवला. मग काय होते? खुर्च्या, बाक, तिपाई सगळे जमिनीत विरघळते. कुठलीच वस्तू उठून दिसत नाही, आणि संध्याकाळी दिवे मंद असताना ठेंगण्या तिपाईला नडग्या आपटतात. घरात वयस्कर माणसे असतील तर ही गोष्ट सजावटीपेक्षा महत्त्वाची आहे. पायरीची कड आणि डेक एकाच रंगाचे ठेवण्यातही हाच धोका असतो.

आमच्या मते सूत्र साधे आहे : झाक जुळवा, उजळपणात फरक ठेवा, आणि हे सगळे डेक पॉलिश झाल्याच्या दिवशी ठरवू नका.

झाक म्हणजे रंगाच्या आत दडलेला रंग. तपकिरी सगळेच असतात, पण एक तपकिरी पिवळ्याकडे झुकतो, एक लालाकडे, एक काळपट हिरव्याकडे. शेडकार्डावरच्या नावांवर फार विसंबू नये. 'टीक' बहुतेक कंपन्यांत सोनेरी पिवळ्याकडे जातो, 'मेहॉगनी' आणि 'रोझवुड' लालाकडे. 'वॉलनट'चा मात्र भरवसा नाही, एकाचा जांभळट, दुसऱ्याचा हिरवट. झाक ओळखायची तर स्टेन दिलेल्या फळीवर साधा पांढरा कागद ठेवावा आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास सावलीत पाहावे. थेट उन्हात सगळेच पिवळे दिसते. कागदाशेजारी पाहताच लाल की पिवळा हे चटकन कळते. मोबाइलच्या छायाचित्रावरून झाक ठरवू नये, कारण कॅमेरा पांढऱ्याचा समतोल स्वतःच्या मनाने बदलतो.

उजळपणासाठी मात्र तोच मोबाइल कामाचा आहे. डेकवर खुर्ची, किंवा निदान तिच्या रंगाचा तुकडा ठेवून छायाचित्र काढा आणि ते कृष्णधवल करा. खुर्ची आणि डेक एकच राखाडी दिसले तर निवड चुकली. दोन्हींत ठळक फरक दिसायला हवा. ज्या शेडकार्डांवर परावर्तनाचा आकडा छापलेला असतो (० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा) तिथे डेक आणि फर्निचर यांत किमान २० ते ३० अंकांचे अंतर ठेवले की काम भागते. यापेक्षा कमी अंतर असेल तर पाहणाऱ्याला वाटते की जुळवायला गेले आणि जमले नाही. रंगाच्या कामात 'थोडक्यात चुकलेले' हे पूर्ण वेगळ्यापेक्षा वाईट दिसते. लालसर डेकवर लालसर तपकिरी पावडर कोटिंग (धातूवर रंगाची भुकटी भट्टीत भाजून दिलेला थर) केलेली खुर्ची हा याचा नमुना, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त विकला जाणाराही.

शेजारच्या रंगामुळे रंग बदलून दिसतो, हे रंगाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचा विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये ते नियमात बसवून मांडले. डेकपुरता त्याचा अर्थ असा : नारिंगी-पिवळ्या लाकडावर ठेवलेला कुठलाही राखाडी रंग निळसर दिसतो. सध्या ॲल्युमिनियमच्या फर्निचरला सर्रास दिला जाणारा आरएएल ७०१६ (आरएएल म्हणजे रंगांना क्रमांक देणारी युरोपीय पद्धत) हा गडद राखाडी आधीच निळ्याकडे झुकलेला आहे. सोनेरी सागाच्या डेकवर तो चक्क निळा दिसू लागतो, आणि दुकानात तर राखाडी होता म्हणून ग्राहक कोटिंगवाल्याशी भांडतो. अशा डेकवर राखाडीच हवा असेल तर मातकट झाकेचा ७००६ किंवा ७०३९ मागावा. गडद हवा असेल तर ८०१९ हा राखाडी तपकिरी उत्तम बसतो. ऑलिव्ह हिरवाही सोनेरी डेकवर शोभतो, मात्र आजूबाजूला झाडे भरपूर असतील तर तो हरवून जातो.

मेहॉगनीसारख्या लाल डेकवर पिवळ्या सागाचे फर्निचर ठेवू नये, दोघेही एकमेकांना भडक करतात. तिथे हस्तिदंती (आरएएल १०१५), काळपट तपकिरी किंवा गडद हिरवा घ्यावा. गडद वॉलनट डेकवर वेताच्या खुर्च्या, तेल दिलेला नैसर्गिक साग, फिकट दगडी रंगाच्या गाद्या असे उजळ सामान खुलते. आणि डेक करडा पडू द्यायचा असे आधीच ठरले असेल, तर तो ७०१६ तिथे अगदी जागेवर बसतो. पांढरा आणि निळाही चालतो.

कोकणात आणखी एक भिडू असतो : जांभा. जांभ्याची भिंत किंवा जोते शेजारी असताना डेकला लालसर स्टेन देणे म्हणजे दोन लालांची कायमची कुरबुर. जांभ्याचा लाल हा मातीचा, विटकरी. स्टेनचा लाल वाइनकडे जाणारा. तिथे डेक सोनेरी तपकिरी किंवा करड्याकडे न्यावा आणि लाल रंग भिंतीकडेच राहू द्यावा. तांबडी धूळ आणि पावसाळ्यात उडणारे शिंतोडे लक्षात घेता तिथे पांढऱ्या पायांच्या खुर्च्याही टाळलेल्या बऱ्या. वीतभर उंचीपर्यंत त्या कायम गुलाबी दिसतात.

आता वेळेचा मुद्दा. तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॉलिश झाल्यावर लगेच दिसतो तो डेकचा रंग नव्हेच, ती त्याची सुरुवात आहे. उन्हातील अतिनील किरण लाकडातल्या लिग्निन या तंतू बांधून ठेवणाऱ्या द्रव्याचे तुकडे करतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे करडे तंतू उरतात. साग असो की उष्णता दिलेला ॲश, उघड्यावर दोघेही करडे होतात. ॲश तर आपला तपकिरीपणा लवकर सोडतो. स्टेनमधली रंगद्रव्ये हे किरण अडवतात, म्हणून जितकी रंगद्रव्ये जास्त तितका रंग जास्त टिकतो. पारदर्शक तेल जवळजवळ काहीच अडवत नाही, अर्धपारदर्शक स्टेन मध्यम, अपारदर्शक सर्वांत जास्त. पण शेवटच्यात लाकडाच्या रेषा झाकल्या जातात आणि वर्दळीच्या वाटेवर तो सोलवटतो. आमची पसंती अर्धपारदर्शकाला. पुण्यात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. एकच स्टेन दोन्हीकडे सारखा टिकेल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. घाटमाथ्यावर आणि कोकणात दर पावसाळ्यानंतर एक हात मारावाच लागतो, देशावर छत असलेल्या डेकला दोन वर्षे मिळू शकतात.

त्यामुळे नमुना करायचा तो असा. डेकच्याच मालातला दोनेक फुटांचा तुकडा घ्यावा, दुसऱ्या गाडीतला नको. नवा साग रंधला की त्यात हिरवट-काळे पट्टे दिसतात, ते उजेडात काही दिवसांनी आपोआप एकसारखे होतात. म्हणून तुकडा आठवडाभर उजेडात ठेवून मगच त्यावर काम करावे. डेकला जो काचपेपर मारणार तोच त्यालाही मारावा. मग चिकटपट्टीने तीन भाग करावेत : एकावर काही नाही, एकावर स्टेनचा एक हात, एकावर दोन. वाळल्यावर लांबीच्या दिशेने अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून तुकडा डेकच्याच जागी उन्हात आडवा टाकून द्यावा आणि अधूनमधून त्यावर पाणी मारावे. पाच-सहा आठवड्यांनी फॉइल काढली की एका फळीवर सहा रंग मिळतात. फर्निचरची निवड उघड्या राहिलेल्या बाजूशी करावी. दसऱ्याला सुरुवात केली तर डिसेंबरपर्यंत उत्तर हातात येते आणि कामाचा हंगामही तोच असतो. इतका धीर नसेल तर निदान एवढे करावे : कोऱ्या फळीवर ओला कपडा फिरवावा. ओले लाकूड जसे दिसते, जवळपास तसाच रंग पारदर्शक तेल दिल्यावर येतो. ज्यांना साग 'आहे तसाच' हवा असतो त्यांना तो किती गडद होणार आहे, हे यातून कळते.

प्रत्यक्ष स्टेन देताना रंग बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. लाकडात ओल असणे हे पहिले. सतत पावसाच्या दिवसांत कोकणातले लाकूड हवेतूनच सतरा-अठरा टक्के ओलावा धरते. ओलावा मोजायचे यंत्र १५ टक्क्यांच्या खाली दाखवीपर्यंत डबा उघडू नये. पाऊस थांबला म्हणून लगेच काम काढणाऱ्याचा स्टेन चिकट राहतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. जवसाचे तेल एकटेच देण्याची जुनी पद्धतही याच कारणाने उघड्यावर टाळावी, बुरशीला ते खाद्यच आहे. मेलामाइन हे घरातले पॉलिश आहे. बाहेर त्याचे पापुद्रे निघतात आणि डेक खरवडून पहिल्यापासून घासावा लागतो.

प्रमाण सांगायचे तर १० बाय १२ फुटांचा डेक म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे ११ चौरस मीटर. गुळगुळीत फळीवर एका लिटरमध्ये साधारण ८ चौरस मीटर होतात. पहिल्या हाताला दीड लिटरच्या आत, दुसऱ्याला एक लिटर, फळ्यांच्या कडा आणि कापलेली टोके धरून तीन लिटर आणावेत. खाचांच्या फळीला दीडपट. सगळे डबे एकाच प्लॅस्टिकच्या बादलीत ओतून एकत्र करावेत, कारण दोन डब्यांतही छटेचा फरक असतो. काम चालू असताना दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळावे. रंगद्रव्य खाली बसते, आणि न ढवळल्यास डेकचे पहिले टोक फिके व शेवटचे गडद होते. एका वेळी दोन-तीन फळ्याच घ्याव्यात, पण टोकापासून टोकापर्यंत पुऱ्या कराव्यात. मध्येच चहाला उठले की तिथे जोडाची काळी रेघ कायमची राहते. पंधरा-वीस मिनिटांत जे आत मुरले नाही ते चिंधीने पुसून घ्यावे. राहू दिले तर चकचकीत, चिकट डाग पडतात. तापलेल्या लाकडावर दुपारी काम करू नये. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून घरी जाऊ नये, तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात. फर्निचर तीन दिवसांनी मांडले तरी सतरंजी किंवा पायपुसणे दोन-तीन आठवडे अंथरू नये.

फर्निचर लोखंडी असेल तर रंगापेक्षा त्याचे पाय आधी पाहावेत. सागात टॅनिन हे तुरट द्रव्य असते. लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो. ही जवळपास शाईच असते. एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपच्या खुर्चीच्या पायाचे बूच निघाले की पहिल्याच पावसात डेकवर चार काळे गोल उमटतात. असे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात : एक लिटर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम पावडर, प्लॅस्टिकची बादली, रबरी हातमोजे आणि चष्मा, ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि तीन-चार वेळा भरपूर पाण्याने धुवावे. हे विष आहे, मुले आणि कुत्री-मांजरे त्या दिवशी लांब ठेवावीत. नुसत्या डागावर लावले तर डागाच्या जागी पांढरा ठिपका दिसतो, कारण ॲसिड करडेपणाही उतरवते. म्हणून पूर्ण फळी एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत धुवावी आणि वाळल्यावर त्या फळीला पुन्हा स्टेन द्यावा. डेकचे स्क्रू साधे असतील तर हाच प्रकार प्रत्येक डोक्याभोवती होतो. समुद्रकाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील, इतरत्र ३०४.

पावडर कोटिंग करून घेताना 'पॉलिस्टर' हा शब्द स्पष्ट उच्चारावा. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी भुरभुरते आणि काळ्या खुर्चीची करडी होते. थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन, पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला भोक, आणि भट्टीत जाण्यापूर्वी ग्रीस व गंज काढलेला. यातले काही राहिले तर वेल्डिंगच्या जोडापासून फुगे येतात. कोड सांगितला तरी चमक वेगळी सांगावी लागते. तेलात मुरलेला डेक मॅट असतो, त्यावर चकचकीत खुर्ची उपरी दिसते. मॅट किंवा बारीक खडबडीत पोत मागावा आणि कागदी कार्डापेक्षा पत्र्यावर मारलेला तुकडा पाहून होकार द्यावा. पायांना काळे रबर नको. रबरातली द्रव्ये स्टेनमध्ये उतरतात आणि तो डाग कशानेच जात नाही. नायलॉनचे बूच बरे.

झोपाळ्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे डेक म्हटले की पुढचा प्रश्न झोपाळ्याचा असतो. त्याची फळी रुंद आणि डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असते, म्हणून डेकशी तिची तुलना सर्वांत आधी होते. ती डेकपेक्षा दोन पायऱ्या उजळ ठेवावी आणि तिला बंद थराचेच पॉलिश द्यावे. पितळी कड्या पावसात हिरव्या पडतात आणि ते पाणी फळीवर नेमके कडीच्या भोकाभोवती उतरते. भोकाच्या आतल्या बाजूला पॉलिशचे तीन-चार हात दिले आणि कडीखाली नायलॉनची चकती बसवली तर फळी वाचते. भोकाच्या आत कुणी ब्रश घालत नाही, आणि बाहेरचा झोपाळा कुजायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा तिथूनच.

गाद्यांचे कापड हे रंग बदलण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे, म्हणून धाडस करायचे ते तिथे. मात्र सूत काढण्यापूर्वीच तंतूत रंग घातलेले ॲक्रिलिक घ्यावे. छापील पॉलिस्टर एका उन्हाळ्यात विटते, आणि त्यातले लाल-मरून रंग ओले झाले की फिकट डेकवर उतरतात. काथ्याची पायपुसणीही भिजली की तपकिरी पाणी सोडतात. कुंड्या थेट डेकवर ठेवू नयेत, खाली दोन-अडीच सेंटिमीटरचे पाय हवेत. नाहीतर कुंडी हलवली की खाली गडद वर्तुळ आणि भोवती क्षारांची पांढरी कड.

फर्निचर रात्री वापरणार असाल तर निवड रात्रीही एकदा पाहावी. पिवळ्या एलईडीत (३००० केल्व्हिन) लाल-पिवळ्या झाका उजळतात आणि हिरवे-निळे मरतात. पांढऱ्या ६५०० केल्व्हिनच्या दिव्यात हाच डेक आजारी दिसतो. शेडकार्ड हातात घेऊन दिव्याखाली पाच मिनिटे उभे राहिले की दुकानातल्या अर्ध्या शंका संपतात. आणि अनवाणी चालणाऱ्यांचे घर असेल तर गडद वॉलनटच्या डेकचा मोह छत असेल तरच धरावा. मे महिन्यात दुपारी उघड्या गच्चीवर त्यावर पाऊल टेकवत नाही.

संपादक महाशय, एक विनंती. डेकचे छायाचित्र छापताना त्याखाली चार गोष्टी द्याव्यात : लाकूड कोणते, स्टेन पारदर्शक की अर्धपारदर्शक, फर्निचरच्या कोटिंगचा कोड काय, आणि पॉलिश होऊन किती महिने झाले. जमल्यास त्याच डेकचे दुसरे छायाचित्र दसऱ्याच्या सुमारास, पुन्हा हात मारण्यापूर्वीचे, शेजारी छापावे. वाचकांना खुर्च्या त्या दुसऱ्या छायाचित्रावरून निवडता येतील.

आपले,
लाकूडकाम आणि पॉलिशच्या व्यवसायातील दोन वाचक, पुणे